कढईतले तेल आणि मालमोटार

बेंगळुरूच्या बसवनगुडी, मल्लेश्वरम यांसारख्या जुन्या वस्त्यांतून उभ्या उभ्या खाण्याची जी उपाहारगृहे आहेत, त्यांना तेथे ‘दर्शिनी’ असे म्हणतात. भल्या पहाटे त्यांच्या कढया चुलीवर चढतात त्या रात्रीपर्यंत उतरत नाहीत. सकाळी उडदाचे वडे व पुऱ्या, दुपारनंतर बोंडे व भजी. आणि दिवे लागले म्हणजे व्ही. व्ही. पुरमच्या खाऊगल्लीत तळणाचा दुसरा प्रहर सुरू होतो. एवढे तळण झाल्यावर कढईच्या तळाशी जे काळपट, दाट व किंचित कडवट वासाचे तेल उरते, त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न गिऱ्हाईक सहसा विचारीत नाही. त्याच शहरात यशवंतपूरच्या बाजाराकडे मालमोटारींची रीघ लागलेली असते आणि त्यांच्या मालकांना डिझेलच्या दराखेरीज दुसरी चिंता नसते. ही दोन दृश्ये एकत्र आणणारी एक कल्पना अनेक वर्षे लोकांच्या मनात घर करून आहे. तळणाचे टाकाऊ तेल गाळून मालमोटारीच्या टाकीत ओतावे आणि गाडी हाकावी, ही ती कल्पना होय.

ही कल्पना खोटी नाही. अशा तेलावर डिझेल एंजिन चालते व जगात अनेकांनी ते चालवून दाखविले आहे. परंतु तिचा पुरस्कार करणारे व तिची थट्टा करणारे असे दोन्ही पक्ष हिशेब मांडतात तो टाकीपाशी उभे राहून: किती लिटर डिझेल वाचले, किती रुपये वाचले. हा हिशेब कढईपाशी उभे राहून मांडला पाहिजे. टाकाऊ तेल मालमोटारीत जाण्याचे मुख्य महत्त्व ते मालमोटारीत जाते यात नाही; ते पुन्हा माणसाच्या पोटात जात नाही यात आहे.

प्रथम एंजिनाचा विचार करू. रुडॉल्फ डिझेल याचे एंजिन आरंभीच शेंगदाण्याच्या तेलावर चालले, असे वारंवार सांगितले जाते आणि 10 ऑगस्ट हा दिवस जैव इंधन दिन म्हणून पाळण्याचे कारणही तेच दिले जाते. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. 10 ऑगस्ट 1893 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे डिझेलच्या पहिल्या प्रायोगिक एंजिनाची चाचणी झाली हे खरे. परंतु त्या दिवशीचे इंधन खनिज तेलापासून काढलेले होते. शेंगदाण्याच्या तेलाचा प्रसंग 1900 सालचा, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातला. फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून ऑटो कंपनीने तेथे एक लहान डिझेल एंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविले. आफ्रिकेतील आपल्या वसाहतींत भुईमूग मुबलक पिकतो, तेव्हा तेथील यंत्रांना कोळसा वा खनिज तेल बाहेरून नेण्याची गरज पडू नये, असा त्या सरकारचा विचार होता. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी शेंगदाण्यांची ‘कडलेकाई परिषे’ नावाची जत्रा भरविणाऱ्या बेंगळुरूच्या रहिवाशांना या योगायोगाची गंमत वाटावयास हरकत नाही. मात्र ते तेल ताजे होते आणि एंजिन एका जागी पक्के बसविलेले होते, या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दट्ट्या इतकी दाबतो की तिचे तापमान 500 अंश सेल्सिअसच्याही वर जाते; त्या तापलेल्या हवेत इंधनाची अतिसूक्ष्म फवार सोडली की ती आपोआप पेट घेते. म्हणजे सारे काही फवाऱ्यावर अवलंबून आहे, आणि फवारा अवलंबून आहे द्रवाच्या दाटपणावर. वनस्पति-तेल 40 अंश तापमानाला डिझेलच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक दाट असते. असे तेल नोझलच्या बारीक भोकांतून धुक्यासारखे न निघता थेंबाथेंबांनी निघते. मोठे थेंब पूर्णपणे जळत नाहीत. त्यांचा काही भाग नोझलच्या तोंडाशी कोळशासारखा जमतो, काही भाग दट्ट्याच्या रिंगांमध्ये चिकटून त्या जखडून टाकतो, आणि उरलेला सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळून वंगण तेलात मिसळतो. तेथे उष्णतेने त्याचे रेणू एकमेकांस जोडले जातात आणि वंगणाचा हळूहळू चिकट लगदा होतो.

या क्रियेत एक मोठी फसवणूक दडलेली आहे. हे सारे पहिल्या दिवशी घडत नाही. पहिल्या दिवशी गाडी उत्तम चालते, धूर कमी दिसतो, भज्यांचा वास येतो, आणि प्रयोग करणारा समाधानाने घरी जातो. थोड्या तासांच्या चाचणीत वनस्पति-तेल उत्तीर्ण होते व शेकडो तासांच्या चाचणीत अनुत्तीर्ण होते, हा अनुभव अनेक देशांतील प्रयोगशाळांना पुनःपुन्हा आलेला आहे. ज्याने एक महिना गाडी चालविली त्याचे म्हणणे ऐकून दुसऱ्याने आपले एंजिन पणाला लावू नये.

यावर एक तोड आहे. मालमोटारीला दोन टाक्या बसवावयाच्या: लहान टाकीत डिझेल, मोठीत तेल. एंजिन डिझेलवर सुरू करावयाचे. ते तापले की त्यातून फिरणाऱ्या गरम पाण्याने मोठ्या टाकीतील व नळीतील तेल 80 अंशांच्या आसपास तापवावयाचे आणि मग कळ फिरवून तेलावर जावयाचे. थांबण्यापूर्वी काही मिनिटे पुन्हा डिझेलवर येऊन नळ्या धुऊन काढावयाच्या, नाहीतर थंड झालेले तेल पंपातच बसते. जुन्या धाटणीच्या, यांत्रिक पंपाच्या दणकट एंजिनांना ही रीत बऱ्यापैकी मानवते. तथापि तापविलेले तेलसुद्धा डिझेलहून दाटच राहते. शिवाय येथे प्रश्न ताज्या तेलाचा नसून तळणाच्या तेलाचा आहे. ज्या तेलात भजी तळली त्यात बेसनाचे कण असतात, कांद्याचे पाणी असते, मीठ असते. आणि पाणी व उष्णता यांच्या योगाने तेलाचा काही अंश फुटून मोकळी वसाम्ले तयार झालेली असतात. डिझेलच्या पंपातील भागांमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. तेथे मीठ, पाणी व आम्ल पोचले म्हणजे काय होईल हे सांगण्यास यंत्रविशारद लागत नाही. धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळले म्हणजे तेल स्वच्छ झाले असे मानणाऱ्यांनी निदान पंपाच्या दुरुस्तीची किंमत तरी आधी विचारून घ्यावी.

1 एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज 6 हे प्रदूषण-मानक लागू झाले. त्यानंतरच्या मालमोटारींत इंधन दीड हजार वातावरणांहून अधिक दाबाने, विजाणुयंत्राच्या आज्ञेनुसार, एका फेऱ्यात अनेकदा फवारले जाते. धुरातील काजळी अडविणारी एक गाळणी असते व ती जाळून स्वच्छ करण्यासाठी पुष्कळ गाड्यांत थोडे जास्तीचे इंधन उशिराने सोडण्यात येते. डिझेलची त्या वेळी वाफ होऊन जाते. तेलाची होत नाही, ते थेट वंगणात उतरते. तेव्हा कढईतले तेल जसेच्या तसे ओतण्याचा काळ नव्या गाड्यांपुरता संपला आहे.

येथे बेंगळुरूचाच एक गौरवास्पद अनुभव आठवतो. परंतु त्यातून निघणारा बोध नीट समजून घ्यावयास हवा. तेथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. उडुपी श्रीनिवास व त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस करंजाच्या तेलावर काम केले. करंजाला कानडीत होंगे म्हणतात. बेंगळुरूच्या रस्त्यांवर त्याची सावली जागोजाग आढळते, आणि महाराष्ट्रातही नदीकाठी व कोकणात तो सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याच्या बियांत वजनाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतके तेल असते. ते खाण्याच्या उपयोगाचे नाही, पण पूर्वी खेडोपाडी दिव्यात जळत असे. कग्गनहळ्ळी या खेड्यात हे तेल केवळ गाळून डिझेल जनित्रांत वापरण्यात आले आणि त्या विजेवर शेतीचे पंप चालविण्यात आले. खेड्यातले बी, खेड्यातला घाणा, खेड्यातली वीज आणि पेंडीचे खत पुन्हा खेड्यातल्याच शेताला, अशी ती घडी होती. तेलावर रासायनिक संस्कार करण्याची गरज तेथे भासली नाही. का भासली नाही? कारण जनित्राचे एंजिन एका जागी बसलेले असते, एकाच वेगाने व बहुतेक एकसारख्या भाराने तासन्‌तास तापलेले राहते, आणि त्याचा राखणदार शेजारीच असतो. मालमोटार घाट चढते, उतरते, जकातनाक्याच्या जागी आलेल्या पथकरनाक्यावर ताटकळते, रात्री थंड पडते व पहाटे पुन्हा सुरू होते. कग्गनहळ्ळीचे उदाहरण देऊन मालमोटारीत कच्चे तेल ओतण्याचे समर्थन करणे म्हणजे बैलाला मानवणारा चारा घोड्याला घालण्यासारखे आहे.

मालमोटारीसाठी योग्य मार्ग रसायनशास्त्राचा आहे आणि तो नवाही नाही. तेलाच्या रेणूत एका ग्लिसरीनला वसाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात; दाटपणाचे मूळ त्या जडजूड बांधणीत आहे. तेलात मेथिल अल्कोहोल व अल्पसा कॉस्टिक सोडा घालून ते ऊन करून ढवळले म्हणजे ग्लिसरीन बाजूला पडते आणि प्रत्येक साखळी अल्कोहोलशी संयोग पावून सुटी होते. हीच मेथिल एस्टरे, व्यवहारात ज्यांना बायोडिझेल म्हणतात. शंभर किलो चांगल्या तेलापासून जवळजवळ शंभर किलो बायोडिझेल व सुमारे दहा किलो ग्लिसरीन मिळते. त्याचा दाटपणा डिझेलच्या जवळपास येतो. 1937 साली ब्रुसेल्स विद्यापीठाच्या जी. शावान यांनी याच स्वरूपाच्या कृतीचे एकस्व मिळविले, आणि 1938 साली ब्रुसेल्स व लूवँ यांच्या दरम्यान एक प्रवासी बस पामतेलाच्या एस्टरांवर धावली. भारतीय वनस्पति-तेले डिझेल एंजिनांत वापरण्यासंबंधीचा एक निबंध भारतीय संशोधकांनी 1942 साली, ऐन महायुद्धात, प्रसिद्ध केला होता.

टाकाऊ तेलाच्या बाबतीत ही कृती थोडी अधिक कष्टाची होते. त्यातील मोकळी वसाम्ले कॉस्टिक सोड्याशी मिळून साबण करतात व सारे मिश्रण फेसाळून जाते. म्हणून आधी पाणी काढून टाकावे लागते व आम्ल फार असल्यास ते सल्फ्यूरिक आम्लाच्या साहाय्याने निराळ्या पायरीने निकालात काढावे लागते. मेथिल अल्कोहोल विषारी आणि अत्यंत ज्वालाग्राही आहे. परसात पिंप मांडून करावयाचा हा उद्योग नव्हे. तयार इंधन आयएस 15607 या भारतीय मानकाच्या कसोटीस उतरले पाहिजे. आणखी एक बारीक गोष्ट बेंगळुरूला विशेष लागू आहे. भारतात तळणासाठी पामोलीन फार वापरले जाते आणि पामजातीच्या तेलाची एस्टरे 15 अंशांच्या आसपासच गढूळ होऊ लागतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या या शहरात पौष-माघातली पहाट तितकी थंड असते. म्हणून निव्वळ बायोडिझेल न वापरता ते डिझेलात मिसळून वापरणे शहाणपणाचे ठरते. कर्नाटक राज्य मार्ग परिवहन महामंडळाने 2010 नंतरच्या दशकात आपल्या काही गाड्यांत मिश्रणाचा प्रयोग केलाही होता. 2018 च्या राष्ट्रीय जैव इंधन धोरणाने 2030 पर्यंत डिझेलात 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

आता परिमाणाचा प्रश्न. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 साली टाकाऊ खाद्यतेल गोळा करण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा देशात वर्षाला सुमारे 220 कोटी लिटर असे तेल मिळू शकेल असा अंदाज मांडला होता. हा आकडा पुरता साध्य झाला असे क्षणभर धरू. त्याचे वजन सुमारे 20 लाख टन. देशाचा डिझेलचा खप वर्षाला 9 कोटी टनांच्या घरात. म्हणजे देशातील प्रत्येक कढई शेवटच्या थेंबापर्यंत निपटून घेतली तरी डिझेलची गरज शेकडा दोनाहून किंचित अधिक भागेल. एखादी मालमोटार दिवसाला 300 किलोमीटर धावते व लिटरला 4 किलोमीटर देते असे समजले, तर तिला 75 लिटर इंधन लागते; रोज 15 लिटर तेल टाकून देणारी पाच उपाहारगृहे मिळून एक मालमोटार चालवितील. टाकाऊ तेलाने देश इंधनाच्या बाबतीत स्वावलंबी होईल असे जे उत्साहाने बोलले जाते, ते या गणितापुढे टिकत नाही.

मग हा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर कढईत आहे. 170 ते 190 अंशांना पुनःपुन्हा तापविलेल्या तेलात हवेतील प्राणवायू, पदार्थातील पाणी व उष्णता या तिघांच्या कार्याने जी निरनिराळी द्रव्ये निर्माण होतात, त्यांना एकत्रितपणे ध्रुवीय संयुगे म्हणतात. त्यांतील काही शरीरास अपायकारक आहेत. 1 जुलै 2018 पासून अशा संयुगांचे प्रमाण 25 टक्क्यांहून अधिक झालेले तेल तळणासाठी वापरणे भारतात नियमबाह्य आहे. तेल टाकले पाहिजे, हे त्यामुळे ठरले. परंतु टाकलेले तेल कोण उचलतो, हा मुद्दा उरला. मोठ्या उपाहारगृहाने टाकलेले तेल स्वस्तात विकत घेणारा फार जुना गिऱ्हाईक म्हणजे रस्त्याकडेचा तळणवाला. त्याच्या हातगाडीवर जो जेवतो, तो हमाल असतो, बिगारी असतो, शाळेतून परतणारा मुलगा असतो. श्रीमंताच्या पहिल्या तळणाचे तेल गरिबाच्या चौथ्या-पाचव्या तळणाला, अशी ही उतरंड आहे. या उतरंडीत मध्येच हात घालून ते तेल उचलून नेणारा, आणि तळणवाल्यापेक्षा दोन पैसे जास्त देणारा, दुसरा गिऱ्हाईक उभा करणे हे बायोडिझेलच्या कारखान्याचे खरे कार्य होय. डिझेलची बचत हा त्याचा आनुषंगिक लाभ.

या दृष्टीने पाहिले म्हणजे काही गोष्टी निराळ्या दिसू लागतात. बायोडिझेल डिझेलहून थोडे महाग पडले की सरकारी खरेदीदार हात आखडता घेतात. पण ती तूट इंधनखात्याच्या नावे लिहिणे चूक आहे; ती आरोग्यखात्याचा खर्च म्हणून मांडली तर फारच स्वस्त वाटेल. शहरातील बसगाड्यांची आगारे ही या इंधनाची सर्वांत योग्य गिऱ्हाइके आहेत, कारण तेथे मिश्रण मोजून करता येते, गाळण्या वेळेवर बदलता येतात, आणि एंजिनांची नोंद ठेवणारे कुशल कारागीर असतात. अलीकडे विमानेही या तेलाच्या मागे लागली आहेत. 2025 साली इंडियन ऑइलच्या पानिपत येथील शुद्धीकरण कारखान्याला टाकाऊ खाद्यतेलापासून विमानाचे इंधन करण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. तेल बसमध्ये जाळले काय किंवा विमानात जाळले काय, कढईच्या दृष्टीने सारखेच. विमानवाल्यांनी अधिक दर दिला तर तो अवश्य घ्यावा. दक्षता घ्यावयाची ती एवढ्याचीच, की टाकाऊ तेलाचा भाव ताज्या पामोलीनच्या भावावर चढू नये. तसे झाले तर कढईचे तोंडही न पाहिलेले तेल टाकाऊ म्हणून विकावयास येईल, आणि ज्या देशाचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशांतून येते त्याला हा व्यापार परवडणारा नाही.

सध्याच्या व्यवस्थेतील खरी उणीव मात्र निराळीच आहे. 1 मार्च 2019 पासून, तळणासाठी दिवसाला 50 लिटरांहून अधिक तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंदवही ठेवावी व टाकाऊ तेल अधिकृत संकलकालाच द्यावे, असा नियम आहे. नियम चांगला आहे. त्याने मोठी उपाहारगृहे व फरसाणाचे कारखाने आवाक्यात आले. हातगाडीवाला त्याच्या बाहेर राहतो. त्याचे तेल 50 लिटर नसते, पाच लिटर असते, आणि त्याच्याकडे ‘टाकाऊ’ तेल मुळी निघतच नाही. पदार्थ जेवढे तेल पिऊन जातात तेवढे नवे तो वरून ओततो. जुने तेल कढईतून उतरते ते केवळ गिऱ्हाइकाच्या पानावर. पुण्याच्या वडेवाल्याची रीत बेंगळुरूच्या भजीवाल्याहून वेगळी नाही. अशा माणसाला नोंदवही देऊन उपयोग नाही आणि दंड करून तर नाहीच, कारण आठवड्याची मिळकत एका पिंपभर तेलात अडकली असता ते गटारात ओतण्याची त्याची ऐपत नसते.

त्याच्यासाठी अदलाबदलीची व्यवस्था करता येईल. दूध-संघाची गाडी जशी ठरल्या वेळी गल्लीच्या तोंडाशी येते, तशी संकलकाची गाडी रात्री खाऊगल्लीत यावी. तळणवाल्याने कढईतील दोन लिटर जुने तेल द्यावे व त्याच्या मोलाइतके नवे तेल, सीलबंद पिशवीत, तेथल्या तेथे घ्यावे. ध्रुवीय संयुगे मोजण्याची हातात धरावयाची उपकरणे आता मिळतात. कढईत काही क्षण टोक बुडविले की आकडा दिसतो. तो आकडा तळणवाल्यालाच नव्हे तर गाडीपाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांनाही दिसेल अशा रीतीने मोजावा. महानगरपालिकेने या फेरीचा खर्च सोसावा आणि गोळा झालेले तेल निविदा काढून बायोडिझेलच्या कारखान्याला विकावे. आरंभ व्ही. व्ही. पुरमच्या एका गल्लीपासून करता येईल. तेथील साऱ्या कढया एका रात्रीत रिकाम्या करण्यास एक लहानशी टेम्पो व दोन माणसे पुरतील.